परत केलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी चाचणी आहे. शाळेतली नव्हे हं, संगणकाची परीक्षा घेणारा एक इवलासा प्रोग्राम. पंच्याण्णव साली बेंगळूरला, राजाजीनगरातल्या एका छोट्या कंपनीत, अहल्यानं मला लिहिलं. संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मुख्य प्रोग्रामला कर्नल म्हणतात; ही कंपनी तसाच एक बनवत होती. अहल्याचे वडील, उमाजी अण्णा, बरेच दिवस समजत होते की लेक फौजेतल्या कुणा कर्नलच्या हाताखाली लागली आहे. "साहेबांना उलट बोलू नको गं," असं ते बजावायचे, आणि ती ते ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवायची.

पण माझं कामच कर्नलला उलट बोलायचं. त्याच्याकडून मेमरीचा एक तुकडा मागायचा, वापरायचा, परत करायचा. मग माझ्या ताब्यात काय काय आहे त्याचा नकाशा मागवायचा. परत केलेला तुकडा त्यात नसला तर 'पास', उरला असला तर 'नापास'.

सुरुवातीलाच माझी फजिती झाली. नकाशा वाचायला मीच थोडी मेमरी घेतली, तीच नकाशात दिसली, आणि मी 'नापास' म्हणून बोंब ठोकली. अहल्यानं मला लगेच दुरुस्त केलं. पण पुण्याहून आलेला तिचा साहेब गिरीराज तेव्हापासून माझ्याबद्दल म्हणू लागला, "ही बाई स्वतःच्याच सावलीला घाबरते." फार लागलं ते मला.

पुढे कंपनीनं हॉस्पिटलसाठी एक यंत्र बनवलं. रुग्णाच्या उशाशी राहून नाडीवर लक्ष ठेवणारं. आत आमचाच कर्नल. यंत्र पाठवायच्या सकाळी मी नकाशा पाहिला आणि हादरले. परत केलेला तुकडा तिथंच होता. असे तुकडे साठत गेले की मेमरी भरते, यंत्र मध्येच बंद पडतं. मी जीव तोडून 'नापास' म्हटलं.

"सर, या वेळी खरंच तुकडा उरतोय," अहल्या म्हणाली. "थोडे दिवस द्या, शोधते."

"अगं, हिची सवय माहीत आहे ना तुला? टेम्पो खाली उभा आहे. इथले लोक म्हणतात तसं, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर, थोडं चालवून घे."

"मी नाही करणार, सर."

मग त्यानंच केलं. माझ्या नावापुढे एक खूण टाकली. खूण असलेली ओळ संगणक वाचतच नाही. बाकीच्या चाचण्या चालल्या आणि पडद्यावर उमटलं, 'एकही चाचणी नापास नाही.' मला कुणी विचारलंच नव्हतं. टेम्पो गेला.

मित्रांनो, ते यंत्र आता कुणाच्या उशाशी आहे, मला ठाऊक नाही. भीतीनं माझा जीव थाऱ्यावर नाही, आणि कुणी चालवल्याशिवाय मला पडद्यावर 'नापास' म्हणताही येत नाही. एकदा चुकलेल्याला रागवा, दुरुस्त करा, पण त्याला विचारायचं सोडू नका हो. ती खूण पुसा. मला एकदा चालवा. मी अजूनही 'नापास'च म्हणेन.