बापाच्या नावाचा खटला

त्या उन्हाळ्यात कोच्कोर गावच्या चहाखान्यात मेंढ्यांच्या भावाबद्दल कुणी बोलेना. सज्ञान माणसाला बापाच्या नावाऐवजी आईचं नाव लावता येईल, असा निकाल राज्यघटनेच्या न्यायालयानं दिला होता, आणि मेदेरकुल रोज चहाच्या घोटागणिक त्या न्यायाधीशांना झोडपत होता.

"सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ असतात म्हणून आपण किर्गिझ!" तो गरजे.

मग एकदा जेवताना त्याची मुलगी नुरपेरी म्हणाली, "बाबा, मी आईचं नाव लावणार आहे."

मेदेरकुलचा घास हातातच राहिला. कित्येक वर्षं तो रशियात बांधकामावर होता. पोरीला त्याच्या बायकोनं, एकट्या उल्काननं वाढवलं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण पोरीच्या नावातून आपण पुसले जाणार, हे त्याला सोसेना. त्यानं शेजारच्या असानबाई नावाच्या दोस्ताला साक्षीला बोलावलं.

"घरातच निवाडा होऊ दे. कुळातले सात बाप जो न अडखळता म्हणेल, त्याचं म्हणणं खरं."

त्यानंच सुरुवात केली. "तुर्दुबेक, साबीर, ओसमोन, बाईगाझी..." आणि गाडी अडली.

उल्कान चुळबुळ करू लागली. तिला नाव माहीत होतं, पण सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं कसं? "अहो, ते नाही का... लग्नाच्या दिवशी घोड्यावरून पडलेले!"

"कोण पडलं?"

"तेच हो, ज्यांना वरातीत उचलून आणलं!"

"तुझा भाऊ?" असानबाईनं विचारलं.

"माझा भाऊ यांच्या कुळात कसा येईल, भाऊजी?"

"शेरनियाज," नुरपेरी म्हणाली आणि उरलेलेही घडाघडा म्हणून मोकळी झाली.

"कुणी शिकवलं?"

"आईनं. ती खुणा सांगायची, मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून नाव आणायचे."

मेदेरकुल बायकोकडे बघत राहिला. ती कपात चहा ओतत होती.

"दादा, हा निकाल चहाखान्यात सांगू?" असानबाई म्हणाला.

"गप बस."

हरलेला मेदेरकुल शरद ऋतूपर्यंत रुसून बसला. शेवटी एका सकाळी त्यानंच गाडी काढली आणि पोरीला नोंदणी कचेरीत नेलं.

अर्ज बघून कारकूनबाई म्हणाल्या, "आता नाही चालत. न्यायालयानं आपलाच निकाल फिरवला. बापाचंच नाव राहील."

मेदेरकुल जिंकला होता. त्यानं टेबलावर मूठ आपटली.

"काल एक, आज एक! ही राज्यघटना आहे की खिंडीतलं हवामान?"

"बाबा, चला," नुरपेरी कुजबुजली.

"तक्रार असेल तर लिहून घेते," कारकूनबाई वैतागून म्हणाल्या. "नाव सांगा."

"उल्कानचा नवरा."

"असं नाव चालत नाही, आजोबा."

"चालायला पाहिजे," मेदेरकुल खुर्ची ओढून बसत म्हणाला. "तीच तर तक्रार आहे. लिहा."