शेडीत जाण्याआधी

वत्सलाबाईंनी कप पुढे धरला. चंद्रभागाकाकूंनी किटली उंच उचलली आणि हातभर अंतरावरून चहाची धार सोडली. चार थेंब मनगटावर उडाले, चटका बसला. कप सावरायला वत्सलाबाई पाऊलभर पुढे झाल्या, तशा काकू कडाडल्याच.

"लांब हो! शिवू नको मला!"

काकूंचं चुकलं होतं म्हणावं, तर तसंही नाही, हीच तर पंचाईत. दिंडोरीजवळच्या या मळ्यात दोन शेड होत्या. एकीत घेवड्याच्या रोपांवर लाल कोळी मुद्दाम पोसायचे. गुलाबाची पानं सुकवणारी ती मेली कीड, पण इथं तिचे लाड! दुसऱ्या शेडीत त्या कोळ्यांना खाणारे शिकारी कोळी वाढायचे. फवारणीऐवजी पानांवर सोडायला गुलाबवाले ते विकत न्यायचे. घेवडा काकूंकडे होता, शिकारी वत्सलाबाईंकडे. डोळ्यांना धड दिसतही नाही असा एखादा शिकारी पदराला चिकटून घेवड्यात शिरला, की सगळी कीड फस्त. मग शिकाऱ्यांना खायला काय घालणार? म्हणून शिकाऱ्यांत वावरलेल्या माणसानं त्या दिवशी घेवड्याच्या वाटेला जायचं नाही, घेवडेवालीला शिवायचं नाही. आणि वत्सलाबाई आत्ताच शिकाऱ्यांतून बाहेर आल्या होत्या.

काकूंच्या मुलानं, सुनीलनं, हे सगळं भिंगातून दाखवून समजावलं होतं. "अगं बया, पळतंय की!" म्हणत वत्सलाबाई तेव्हा किती वेळ पानावरून हलल्या नव्हत्या. मळ्याचं ते भिंग मग कामाच्या वेळी त्यांच्याच गळ्यात असायचं. बौद्धवाडीतल्या पोरी कौतुकानं त्यांना 'डाक्टरीणबाई' म्हणायच्या.

पण याच घराच्या विहिरीवर त्यांची आई ओंजळ धरून उभी राहायची. पाणी वरून पडायचं. आणि शब्दही हेच असायचे, याच सुरात. वत्सलाबाईंनी भरलेला कप ओट्यावर ठेवला आणि पिशवी उचलली.

सुनील फाटकापर्यंत मागे धावला.

"मावशी, अहो, नियम मलाही आहे!"

"ठाव हाय रे बाबा. तुझ्या किड्यांवर राग नाय माझा."

"मग?"

"दुसरं माणूस बघ."

घरी पोचल्यावर लक्षात आलं, भिंग गळ्यातच राहिलंय. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सकाळ होताच त्या परत मळ्यात आल्या.

अंगणात काकू उभ्या होत्या. अंगात शिकाऱ्यांच्या शेडीतला पांढरा डगला, धुऊन वाळवलेला. हातात रिकामा कप.

"आजपासून शिकारी माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "घेवडा तू बघ."

 त्या घेवड्याला काकू सुनेलासुद्धा हात लावू देत नसत.

"किटली घे. काल मी वतला तसाच वत, वरून. लांब उभं कर मला." काकूंनी कप पुढे धरला. "काल बोलले ते माझ्या सासूचं बोलणं होतं गं. इतकी वर्सं कुठं दडून बसलं होतं, देव जाणे. रातभर लाज वाटली मला."

वत्सलाबाईंनी किटली उचलली. चांगली उंच उचलली. खोटं कशाला बोला, आईची आठवण होऊन त्यांना क्षणभर बरंही वाटलं. समोर काकूंनी कप ओंजळीसारखा दोन्ही हातांत धरला होता.

त्यांनी किटली खाली घेतली.

"शेडीत गेलता का आज?"

"नाय अजून. तुझीच वाट बघत होते."

"मग काय लागलंय तुमच्या अंगाला? बसा गप. चहा शेडीत जायच्या आधी प्यायचा, मग कुणी कुणाला शिवलं तरी बिघडत नाय."

काकू ओट्याच्या पार टोकाला टेकल्या. वत्सलाबाईंनी दोघींचे कप भरले आणि किटली मधे न ठेवता पलीकडे ठेवली. थोड्या वेळानं काकू सरकल्या, अजून थोड्या सरकल्या. गुडघ्याला गुडघा लागला. दोघींपैकी कुणीच पाय मागे घेतला नाही.

"साखर कमी पडली का गं?" काकूंनी विचारलं.

"लय कमी," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा कप भरून घेतला.

भिंग परत द्यायचं राहूनच गेलं.