मिलवाल्याला मी बाजार दाखवला

मित्रांनो, मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. माझा पत्रा गंजलाय, मागचं दार सुतळीनं बांधलंय. हसा खुशाल. औरादच्या या रस्त्यावर माणसं वाहण्यात माझा जन्म गेला.

आमच्या फाट्यापलीकडे तुरीच्या डाळीची नवी मिल झाली. जमीन इथली, तूर इथली, धूळ इथल्यांच्या नाकात. कामाला माणसं मात्र लांबून आणलेली. इथली शिकलेली पोरंपोरी घरी बसून. "लोकल माणूस टिकत न्हाई," मिलमालक नागेंद्र अण्णा ठासून सांगायचे.

मग नेत्रावती अक्का आल्या. रिकाम्या हातांना काम शिकवणारी त्यांची संस्था. मिलच्या ऑफिसात ठाण मांडून बसल्या त्या करार करूनच उठल्या: संस्थेनं शिकवायचं, मिलनं कामावर घ्यायचं. पहिल्या तुकडीत शिवकन्या होती. नवा गणवेश घालून माझ्यात बसली तेव्हा तिचा चेहरा काय खुलला होता!

आणि औरादच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तुकडीतलं एकही माणूस मिलवर पोचलं नाही. अण्णा भडकले. "आळशी कुठले! पुन्हा असं झालं तर करार संपला. सगळे घरी!"

"आम्ही फाट्यावर उभेच होतो, अक्का," शिवकन्या रडवेली झाली. "बाजारादिवशी सगळ्या जीपा औरादला. मिलकडं कोण यायलाय? हे काम गेलं तर घरचे मला परत बाहेर सोडतेत व्हय?"

खरं होतं. त्या दिवशी मीही औरादलाच जाते. मिल उलट्या दिशेला. आळशी म्हणायला जीभ पुरते, मित्रांनो. फाट्यावर येऊन बघायला पाय उचलावे लागतात.

पुढच्या बाजारादिवशी अक्कांनी अण्णांना त्यांच्या गाडीविना फाट्यावर आणलं. "आता इथून मिलवर जाऊन दाखवा."

गणवेशातली सगळी तुकडी तिथं उभी. जीपा आल्या, औरादकडे गेल्या. ऊन चढलं. शेवटी घामाघूम अण्णा, निदान औरादला तरी पोचू म्हणून, माझ्यातच चढले. मांडीवर कुणाचं कोंबडं, पाठीला मिरचीचं पोतं.

"अण्णा, आज कामावर कामून गेला न्हाईत?" खाली उभ्या शिवकन्येनं विचारलं.

"जाऊ कशात, बाई?" अण्णा शिंकत ओरडले.

"तेच बोंबलायलोय की आम्ही!"

जीपभर हशा. माझा मालक हावगेप्पा तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. शेवटी अण्णाही हसले.

त्याच आठवड्यात मिलची सुट्टी रविवारऐवजी बाजारादिवशी झाली आणि बाकीच्या दिवसांसाठी मिलनं मला ठरवून घेतलं. तुकडीतलं कुणीही काम सोडलं नाही. शिवकन्या आता पॅकिंगची मुकादम आहे आणि शेजारचे मिलवाले अक्कांचं दार ठोठावतात: आम्हालाही इथलीच माणसं द्या!

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी मालक होईल. गंजली म्हणून मला भंगारात घालू नका, आणि रिकामा दिसला म्हणून माणसाला आळशी ठरवू नका. मला ऑइल द्या, त्याला काम द्या. दोघंही धावून दाखवतो!