मामाची मांडी

बंकट एकटाच आला. वॉर्डाच्या दाराशी त्यानं पायताणं काढली, लंगडत आत येऊन सटवाच्या मांडीवरचं पोर उचललं.

“अंजना?” सटवानं विचारलं.

“बैलांचं बघून मागनं येतीय.”

“अन् लंगडतोस कावून?”

“काटा रुतला, दाजी.”

अंजना या भावालाच आणायला गेली होती. आष्टीकडं प्यायलाही पाणी नव्हतं. ऊसतोडीची सगळी टोळी सहकारी कारखान्याच्या उसात उतरली होती. पोराची टाळू लवकर भरली, तेव्हा अंजनानं कोप्यांवर, झोपडी-झोपडीत गूळ वाटला होता. मग डोकं लांबत गेलं. कवटीचे सांधे वेळेआधीच जुळलेत, मेंदूला वाढायला जागा नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती ऑपरेशनला तयार झाली. पण त्याआधी डोकं भादरायचं होतं, आणि पहिलं जावळ मामाच्या मांडीवरच निघायला हवं, यावर ती अडून बसली. मोठे डॉक्टर बाहेरून आले होते. आज गेले की पुन्हा कधी येतील, कुणालाच ठाऊक नव्हतं.

न्हावी वस्तरा घेऊन आला.

“मामा कोण?”

“मी. तोंडावरनं दिसंना का बे?”

न्हावी हसला. बंकट मांडी घालून बसला.

केस झेलायला सटवा पुढं वाकला. बंकटच्या उपरण्याची गाठ सैल झाली होती. तिच्यातून काळे मणी बाहेर आले होते, अन् मधे पांढऱ्या दोऱ्यानं घातलेली गाठ. उसाच्या पाचटात अडकून गळ्यातली पोत तुटली, तेव्हा अंजनानं तशी जोडली होती.

सटवानं तोंड उघडलं. मग मिटलं. तो खाली बघून केस गोळा करत राहिला.

पोराला आत नेलं. दार लागलं.

“दाजी,” बंकट म्हणाला, “काल आमी दोघं उसाच्या ट्रॅक्टरवर बसून फाट्याकडं निघालतो. ट्रॉली उलटली. ती खाली सापडली.”

सटवानं मुठीतले केस रुमालात ठेवले.

“तुमी ऐकलं की तुमाला सुतक लागतंय. जावळ ऱ्हायलं असतं, आपरेशनबी. म्हणून न्हाई बोललो.”

“मणी दिसले मला,” सटवा म्हणाला. “म्हणून न्हाई इचारलं.”

“तिची माती थांबवलीय. तुमी जा. मी बसतो हितं.”

बंकटनं गाठ सोडून पोत त्याच्या हातात दिली. सटवानं ती केसांबरोबर रुमालात बांधली.

पोर वाचलं. आता ते धरून उभं राहतं. जावळ त्याच रुमालात आहे. ते आईनं सटवाईला वाहायचं असतं. अजून वाहिलेलं नाही.