चेंडूला न विचारता बदललेला संघ

मित्रांनो, माझ्या पोटात आता हवा टिकत नाही. मते मात्र अजून टिकून आहेत. मी तुंगार्लीच्या फुटबॉल संघाचा जुना चेंडू. आज एका फळीवर पडून असलो तरी एके काळी लोणावळ्यापासून खडकीपर्यंत माझ्यामागे माणसे धावत होती.

पुण्याच्या लष्कर भागात एका कारागिराने मला शिवले. चामड्याच्या पट्ट्या, मेणाचा दोरा आणि आत एक रबरी फुगा. तोंड बांधायला चामड्याची वादी. ही वादी कपाळाला लागली की गडी मला शिव्या देत. पण खेळ रंगला की शिव्या विसरत, आणि गोल झाला की मला छातीशी धरत.

आमच्या संघाचा कप्तान हौशीराम. रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये मुकादम. त्याची बायको रतनबाई आणि धाकटा भाऊ नथू, असे तिघांचे घर. मी त्याच घरात राहायचो. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तुंगार्लीच्या तळ्याखालचे आमचे मैदान चार महिने पाण्यात असायचे. मग मला चुलीवरच्या खुंटीला टांगत, म्हणजे बुरशी धरत नसे. रतनबाई भाकऱ्या झाल्या की मला खाली घ्यायची आणि करंजाचे तेल बोटाने शिवणीशिवणीत जिरवायची. घाई करायची नाही. एक शिवण झाली की दुसरी. तिच्या बोटांची सवय मला कुठल्याही पायापेक्षा जास्त होती.

खेळ बंद, पण गप्पा बंद नाहीत. पावसाळ्यात सगळे गडी हौशीरामच्या पडवीत जमत आणि पुढच्या मोसमात कोण खेळणार यावर भांडत. मी खुंटीवरून ऐकत असे. असे भांडण ऐकायला मला फार आवडे.

पण एका वर्षी मला त्या गप्पांनी धडकी भरली. घाटात विजेची इंजिने धावू लागली आणि वाफेच्या इंजिनांवरची माणसे दौंडला, सोलापूरला बदलून गेली. त्यात आमचा गोलकीपरही गेला. त्याच्या जागी कर्जतहून बदलून आलेला मारुती घेतला. हा रुळावर झेंडी दाखवायच्या कामावर होता.

"कर्जतला मी मेलगाडी थांबवायचो," तो म्हणाला. "चेंडू काय चीज हाय?"

मेल झेंडी बघून थांबते, बाबा. मी कशाला थांबू? त्याचे हात भले मोठे होते, पण नजर कायम दुसरीकडे. मला हा गडी पसंत नव्हता.

दुसरा बदल ऐकला तेव्हा मी खुंटीवर गारच पडलो. हौशीरामने नथूला बाहेर काढले.

नथू आमचा पुढचा गडी. त्याच्या पायाला लागले की मला कुठे जायचे ते आपोआप कळे. पण रुळाखालचा लाकडी स्लीपर त्याच्या गुडघ्यावर पडला होता आणि तो गुडघा पुरता बरा झाला नव्हता. त्याच्या जागी कोण? तर लोहगडवाडीच्या वरच्या अंगाला ठाकरांची चार घरे आहेत, तिथला कान्हू. हा कान्हू डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायचा, तोही पळत. हौशीरामने ते पाहिले आणि त्याच्यावर भाळला.

मित्रांनो, तुम्हीच सांगा. मोळी डोक्यावर असते आणि मी पायात. दोन्हींचा काय संबंध?

नथूने तेच विचारले. "दादा, मोळीवाला घेतलास. आता चेंडू बी डोक्यावर वाहून न्यायचा का?"

पडवी हसली. हौशीराम हसला नाही.

"तुजा गुडगा बरा असता तर बोललो नसतो," तो म्हणाला. "पर आता ऐक. दिवाळीच्या सामन्यात खडकीवाल्यांकडनं बक्षिसाची ढाल हितं आणली न्हाई, तर मी कप्तानी सोडीन. तूच कप्तान, तूच गडी निवड."

"मंग सोडायची तयारी कर," नथू म्हणाला, आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आपले अंथरूण उचलले आणि गँगच्या चाळीतल्या एका रिकाम्या खोलीत राहायला गेला. रतनबाईने त्याला लहानाचा मोठा केला होता. ती शेजारच्या अंबाजीबरोबर त्याच्यासाठी भाकरी पाठवायची. अंबाजी आमचा मधला गडी. भाकरी फडक्यात गुंडाळलेली तशीच परत यायची.

"जेवलो म्हनतो," अंबाजी सांगायचा.

रतनबाई फडके सोडायची, भाकरी गाईला घालायची आणि मला खाली घ्यायची. त्या दिवसांत ती तेल फार जोरात चोळायची.

पाऊस सरला. दसऱ्याला खंडाळ्याच्या गड्यांशी मैत्रीचा सामना झाला आणि आम्ही हरलो. मारुतीच्या दोन्ही पायांमधून मी आत गेलो. मी आधीच म्हटले होते! पण खरी गोष्ट वेगळी होती. त्या पूर्ण सामन्यात कान्हूच्या पायाला माझा स्पर्शसुद्धा झाला नाही. तो मोकळा उभा राहायचा, हात वर करायचा, आणि मी दुसरीकडेच जायचो. कोणी मुद्दाम करत होते असेही नाही. पाय मला मारायच्या आधी जरासा वळतो, ते मला कळते. कान्हूकडे एकही पाय वळत नव्हता.

त्या संध्याकाळी पडवीत हौशीराम भडकला. "का देत न्हाई रं त्याला?"

"देऊ नये असं कुटं हाय?" अंबाजी म्हणाला. "पर ऐन वक्ताला त्यो ध्यानातच येत न्हाई."

आत भाकरी थापणारी रतनबाई हात न थांबवता म्हणाली, "कसा येईल? त्यो तुमच्या सावडीत हाय का?"

आता सावड म्हणजे काय ते सांगतो. आमच्या मावळात भाताची लावणी एकट्याने होत नाही. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. प्रत्येक घरातून माणूस येतो. मजुरी कोणी देत नाही आणि घेतही नाही. त्या लावणीत कान्हूही राबला होता. पण त्याला डोंगरावर भाताचे खाचर नाही, नुसते वरईचे रान. गरीब माणसाला फुकट राबवायचे कसे, म्हणून हौशीरामने रोज सांजेला त्याच्या पदरात भात घातला होता.

"मी काय वाईट केलं?" हौशीराम म्हणाला. "फुकट राबवायचा व्हता का?"

"तुमी भात दिला आन् त्याला मजूर केला," रतनबाई म्हणाली. "मजूर सांजेला घरी गेला की संपलं. सावडीचा गडी घरी गेला तरी ध्येनात ऱ्हातो, त्याच्या रानात जायचं असतंय म्हणून. तुमच्यातलं कोण गेलंय त्याच्या रानात?"

मी खुंटीवर नुसता डोलत होतो. एवढे सामने खेळलो, पण हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

"त्याची वरई कापायला आली असंल," अंबाजी हळूच म्हणाला.

"मंग चला की!" हौशीराम उठलाच. "सुट्टीच्या दिशी समदे वर. दर घरातनं एक माणूस."

"दर घरातनं," रतनबाई म्हणाली. "अंबाजी भावजी, नथूला बी सांगावा द्या. त्यानं येगळं घर केलंय न्हवं? मंग त्या घरातनं बी माणूस यायला पायजे."

अंबाजी आधी चमकला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. सावडीचा सांगावा आला आणि घरातून माणूस गेला नाही, असे मावळात होत नाही. नथू रुसून वेगळा झाला होता, आणि त्या रुसव्यानेच आता तो अडकला.

मला एका पिशवीत घालून सगळे डोंगर चढले. कान्हूची आई बायडाबाई दारात उभी होती. एवढी माणसे बघून ती घाबरली.

"आमच्याकडं द्यायला काय न्हाई बरं का," ती म्हणाली.

"द्यायचं न्हाई मावशी," हौशीराम म्हणाला. "लेक द्या फकस्त, दिवाळीच्या खेळापुरता."

"न्या की. पर हारून आला तर हितं आणू नका, तितंच ठेवा."

सगळे खो खो हसले आणि विळे चालू झाले. थोड्या वेळाने खालून एक माणूस लंगडत चढताना दिसला. नथूच तो. त्याने कडेची ओळ धरली आणि कापायला लागला. शेजारच्या ओळीला कान्हू होता.

भाकरी खाऊन झाल्यावर मला पिशवीतून काढले. त्या उतारावरच्या चिंचोळ्या पट्टीत खेळ मांडला! मी सारखा खाली घरंगळायचो आणि कान्हू वाऱ्यासारखा माझ्यामागे जायचा. पाय सरकणे नाही, अडखळणे नाही. एकदा तर त्याने मला कड्याच्या टोकावरून परत आणले. माझा श्वास अडकला, म्हणजे जी काय हवा होती ती.

नथू बांधावर बसून बघत होता. त्याला राहवेना.

"अरं ए! उताराचा पाय हाय तुजा. सपाटीला बी तसाच पळतोस आन् चेंडूच्या म्होरं जातोस. जरा थांब की. त्याला येऊ दे!"

कान्हू थांबला. मी आलो. त्याने मला असे मारले की मी थेट वरईच्या पेंढ्यांत जाऊन रुतलो. मला शोधून काढायला नथूच उठला.

दिवाळीच्या पाडव्याला खडकीचा संघ आला. त्यांच्या पायांत बूट, आमचे पाय अनवाणी. मैदानाभोवती तुंगार्ली, वळवण, गवळीवाडा, सगळे लोटले होते. बायका तळ्याच्या बांधावर बसल्या. खेळ सुरू झाला आणि लगेच खडकीवाल्यांनी मला आमच्या गोलात धाडले. मारुतीच्या हातांत येऊन मी निसटलो. हातांना तुपाचा लेप लावल्यासारखा!

"झेंडी दाव, झेंडी!" कोणीतरी ओरडले.

हौशीरामचे तोंड उतरले. मला ते दिसत होते. ढाल मिळाली नाही तर कप्तानी जाणार, आणि सख्खा भाऊ ज्याच्यासाठी तोडला तो गडीही फुकट ठरणार.

मध्यंतर झाले. आणि मग, मित्रांनो, काय सांगू! अंबाजीचा पाय वळला. कान्हूकडे वळला! मी गेलो, कान्हूने मला परत दिले, अंबाजीने पुन्हा त्याला. डावीकडून गेलो तरी कान्हू, उजवीकडून गेलो तरी कान्हू. खडकीचे बूट तळ्याखालच्या ओल्या मातीत रुतत होते आणि मी त्यांच्यामधून पळत होतो. कान्हू मोकळा सुटला. पळाला, फार पळाला, माझ्या पुढेच निघाला.

"थांब!" कडेवरून एक आवाज आला. आवाज नथूचा होता.

कान्हू जागच्या जागी थांबला. मी पोचलो. एकच लाथ, आणि मी गोलात! असा ओरडा झाला की तळ्यावरचे बगळे उडाले.

शेवटी शेवटी त्याने मला पुन्हा मारले. मी निघालो ते गोलाच्या दिशेनेच. सगळे उभे राहिले. आणि मी गोलाच्या बांबूला लागून बाहेर आलो. शिट्टी वाजली. बरोबरी. ढाल आधीच्या वर्षी खडकीवाल्यांनी जिंकलेली होती, म्हणून नियमाप्रमाणे ती त्यांच्याकडेच राहिली.

हौशीराम शब्दाचा पक्का. त्याने मला उचलले, सगळ्यांच्या देखत नथूसमोर गेला आणि मला त्याच्या हातात दिले.

"घे. बोललो व्हतो."

नथूने मला उलटेपालटे करून पाहिले. मी त्याचाच चाहता, तुम्हाला ठाऊक आहे. तो परत खेळणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण खरे सांगतो, त्या क्षणी मला कान्हूचा पाय हवा होता.

"गडी आता मी ठरवायचं ना, दादा?" नथू म्हणाला. "मंग ऐका समदे. कान्हू आत. मी भाईर. कडेवरनं वरडायला मानूस लागतंयच. आन् गोलात कुणी बी चालंल, म्हस उभी केली तरी चालंल, पर ह्यो मारुती नगं!"

सगळ्यांत मोठ्याने हसला तो मारुतीच. नथू बांधाकडे वळून ओरडला, "वैनी! भाकरी जास्तीच्या टाक. कान्हू बी हाय."

रतनबाई केव्हाच घराकडे निघाली होती.

पुढच्या वर्षी ढाल आमच्याकडे आली. त्याच्याही पुढच्या वर्षी आली. लोक माझी नवऱ्या मुलासारखी मिरवणूक काढत. मग शिवणी ढिल्या झाल्या, फुगा फाटला, आणि मी फळीवर गेलो. त्याचे मला दुःख नाही. रतनबाई गेली, त्याचे आहे. तापाने गेली. तिच्यामागे हौशीराम मैदानाकडे फिरकेना. कामावर जायचा, यायचा, चुलीसमोर बसायचा. येणारे लोक म्हणत, धीर धर. तो मान हलवायचा. त्यापुढे बोलणे जात नसे.

गेल्या पावसाळ्यात नथू आणि कान्हू आले. त्यांनी धीराचे काही सांगितले नाही. पडवीत बसले आणि पुढच्या मोसमाच्या गड्यांवरून मोठमोठ्याने भांडायला लागले. रोज यायचे आणि भांडायचे. एके दिवशी त्यांनी पुण्याहून आणलेला नवा कोरा चेंडू हौशीरामच्या मांडीवर टाकला. त्याने तो दाबून पाहिला. बराच वेळ शिवण निरखली.

"ह्यो कुणी पसंत केला?" तो म्हणाला. "दोन डावांत उसवंल. आन् त्यो तुमचा नवा गडी, त्याला डावा पाय हाय का न्हाई? काय बगून घेतला रं?"

"मंग तूच ये की बगायला," नथू म्हणाला.

"येनारच," हौशीराम म्हणाला, आणि टोपी घातली.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. संघात नवा माणूस घ्याल तेव्हा आधी त्याच्या रानात काम करून या. ज्याला बाहेर बसवाल त्याला घरातून बाहेर काढू नका. आणि कोणी दुःखाने गप्प बसला असेल, तर त्याच्यासमोर जाऊन जोरात भांडा, त्यालाही मत विचारा.

तो नवा चेंडू मात्र, खरे सांगतो, मला अजून पसंत नाही.