ऊस तुटेपर्यंत

माझी जीभ तिखट आहे, हे अवसरीत माझ्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं होतं, "वृषाली, सासरी गेल्यावर पाच वाक्यं तोंडात आली तर दोनच बोल, तीन गिळ." मला ते कधी नीट जमलंच नाही. जे गिळायचं ते बोलले आणि जे बोलायचं ते गिळून बसले. माझ्या सासूबाई, कुशाबाई, यांच्या बाबतीत तर दोन्ही चुका मी एकाच महिन्यात केल्या.

आमचं घर पारगावच्या पुढे मळ्यात. तीन बाजूंनी ऊस आणि समोर रस्ता. माझे मालक, गोरख, टोमॅटोचा टेंपो घेऊन वाशीला जायचे, त्यामुळे घरात मी, आत्याबाई आणि आमची तेजा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाईच, आमच्याकडे सासूला तशीच हाक मारतात.

दोन हजार एक सालची दिवाळी नुकतीच झाली होती. तेजा तेव्हा पाच वर्षांची. दुपारी चारच्या सुमाराला ती उसाच्या कडेला खडूने फरशीच्या तुकड्यावर चित्रं काढत बसली होती. मी आत पीठ चाळत होते आणि आत्याबाई नळाजवळ भांडी घासत होत्या. पुढचं मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलंय. "काय बी आवाज न्हवता गं. पाला सुदिक हालला न्हाई. पर माझं काळीज असं धडाडलं, असं धडाडलं, म्हनून मी वळले." वळल्या तर बिबट्याने तेजाच्या खांद्याला धरलेलं. त्यांनी हातातली कळशी त्याच्या तोंडावर फेकली, पोरीचे पाय धरले आणि ओरडत ओढत राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा बिबट्या उसात शिरत होता आणि आत्याबाई पोरीला पोटाशी घेऊन मातीत बसल्या होत्या.

तेजाच्या खांद्याला टाके पडले, इंजेक्शनं झाली, पोरगी वाचली. पेपरात फोटो आला. ग्रामपंचायतीने साडी-नारळ देऊन सत्कार केला. त्या फोटोत आत्याबाईंचे डोळे असे वटारलेले होते की गोरख म्हणायचे, "आये, फोटोवाल्यालाच वाघरू समजलीस का काय?" आम्ही पोट धरून हसायचो. ते डोळे पुढे कायमचे तसेच राहिले, हे आमच्या ध्यानात यायला वर्ष गेलं.

त्या दिवसापासून आत्याबाई ओट्यावर बसू लागल्या. हातात विळा, तोंड उसाकडे. जेवायच्या तिथेच, भाजी निवडायच्या तिथेच. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला, त्यात एक बिबट्या अडकला, त्याला घेऊनही गेले. आत्याबाई म्हणाल्या, "त्यो दुसरा व्हता." त्यांना झोप अशी लागायचीच नाही. मी निर्धास्त होते. खोटं कशाला बोलू, घरात असा पहारा असल्यावर कोणती आई निर्धास्त होणार नाही? मी कामं उरकायची, शिवणाच्या मशिनवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या आत्याबाई आहेत ना!"

वर्षाच्या आतच त्यांचे केस पांढरे झाले. पन्नाशीची बाई सत्तरीची दिसू लागली. सर्दी झाली तर महिना महिना हटायची नाही. पायाला उसाचं पातं कापलं, ती जखम चिघळतच राहिली. मग कमरेवर नागीण उठली. आणि पावसाळ्यात पाय सुजले, चार पावलं चालल्या की धाप लागायला लागली, तेव्हा आम्ही त्यांना मंचरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. हृदयाची पट्टी काढली, छातीचा फोटो काढला. मग आम्हाला बसवून म्हणाले, "हृदय थकलंय. नीट पंप करत नाही." मी विचारलं, जखम, नागीण आणि हृदय यांचा एकमेकांशी काय संबंध? ते म्हणाले, "माणसाच्या अंगात एक पहारेकरी असतो. संकट दिसलं की तो सगळ्या शरीराला ओरडून सांगतो, लढा नाहीतर पळा. मग हृदय जोरात धावतं, आणि झोप, पचन, जखम भरणं, रोगाशी झगडणं ही कामं मागे पडतात. संकट टळलं की तो पहारेकरी खाली बसतो. यांचा बसलेलाच नाही. वर्ष होत आलं, उभाच आहे. त्यात हृदय थकलं की तो आणखी ओरडतो, आणि तो ओरडला की हृदय आणखी थकतं."

आत्याबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "डाक्टर, त्यानंच माझी नात वाचवली."

"खरंय, आजी. पण आता त्याला बसवायला हवं. नाहीतर तो तुमचा जीव घेईल."

त्यांनी एक छोटी पांढरी गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला अशक्तपणा वाटेल, पण घाबरायचं नाही. आणि मला वेगळं बोलावून सांगितलं, "ही गोळी एकदम बंद करायची नाही. एवढे दिवस दाबून ठेवलेला तो पहारेकरी एकदम उसळून उठतो. लक्षात ठेवाल ना?" मी म्हटलं, ठेवीन. बारावी पास होते मी. न कळायला काय झालं?

पहिले पंधरा दिवस आत्याबाईंनी कुरकुर केली. मग हळूहळू पाय उतरले. जखमेवर खपली धरली. नवरात्रात त्यांनी देवीसाठी स्वतः कडाकण्या तळल्या. गोळी द्यायचं काम तेजाचं होतं. ती पेला घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आजी, आ कर." आणि आत्याबाई दुपारच्या झोपू लागल्या. ओट्यावरच, विळा उशाला, तोंड थोडं उघडं. इतक्या दिवसांनी तो चेहरा सैल झालेला पाहिला की मला बरं वाटायचं. आणि दुसऱ्याच क्षणी मी उसाकडे बघायची.

डिसेंबरात एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, बिबट्या अंगणात आला आणि शेळी घेऊन गेला. दाव्यासकट. मी गोठ्यात धार काढत होते. आत्याबाई ओट्यावर होत्या, जाग्या नव्हत्या. तेजा दोन मिनिटांपूर्वी त्याच शेळीला पाला घालून आत गेली होती.

मी धावत आले. रिकामा खुंटा पाहिला. आत्याबाई उठून बसत होत्या, डोळे चोळत. आणि मी बोलले, "झोपा! खुशाल झोपा! आज शेळी गेली, उद्या माझी पोरगी जाईल! तुमच्या जिवावर आम्ही इथं राहतो आणि तुम्ही घोरताय!"

त्यांनी छातीवर हात ठेवला आणि तसाच धरून राहिल्या. मग म्हणाल्या, "धडाडलंच न्हाई गं. वाघरू दारात आलं आन् माझं काळीज गप."

रात्रीच्या जेवणानंतर तेजा पेला घेऊन आली. आत्याबाईंनी तो बाजूला सारला. "नगं मला ती गोळी. तिनं मला बहिरं केलं."

मी तिथेच उभी होते. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. एकदम बंद करायची नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "आत्याबाई, घ्या गोळी, तुमची काही चूक नाही, पोरीवर मी लक्ष ठेवते." मी म्हटलं नाही. कारण त्या परत विळा घेऊन उसाकडे तोंड करून बसल्या होत्या आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझी लाज वाटते मला, पण वाटलं.

गोरखने विचारलं तेव्हा मी उत्तर तयार ठेवलं होतं. "ऊस तुटेपर्यंतच. पंधरा दिवसांत तोड येईल. रान मोकळं झालं की वाघरू लपणार कुठं? मग लगेच सुरू करू." त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. आमच्याकडे सगळं असंच ठरतं. घराचं रंगकाम, पाहुण्यांकडे जाणं, दुखणी-खुपणी, सगळं ऊस तुटल्यावर. तेजालाही मी तेच सांगितलं. "ऊस तुटला की आजीला परत गोळी द्यायची हां." तिने पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर नीट ठेवून दिलं.

तोड लांबली. ज्यांची लागवड आधीची, त्यांचे कारखान्याचे नंबर पुढे होते. रस्त्याने दुसऱ्यांच्या उसाचे ट्रॅक्टर जायचे आणि आत्याबाई विचारायच्या, "आपली कवा?" मी म्हणायची, येईल, येईल. गोळी बंद झाल्यावर आठव्या दिवसापासून पाय पुन्हा सुजले. नाडी बघायला डॉक्टर लागत नव्हता, मानेची शीर लांबून उडताना दिसायची. चेहरा मात्र असा की जणू हरवलेली वस्तू सापडली. "आता ऐकू येतंय बघ," त्या म्हणायच्या. "पान वाजलं तरी कळतंय." आडवं झालं की धाप लागायची, म्हणून त्या भिंतीला टेकून बसूनच राहायच्या. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर म्हणायच्या, ऊस तुटू दे. आणि मी फार लावून धरलं नाही. डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारणार, हे मला माहीत होतं.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ निळे पडले. बोलताना एकेक शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. गोरख वाशीहून परतले नव्हते. मी शेजारच्या चिमाजीभाऊंची जीप बोलावली. आत्याबाई ओट्यावरून उठेनात. "पोरगी येकली ऱ्हाईल."

"ती शाळेत गेलीये, आत्याबाई. संध्याकाळपर्यंत तिथेच आहे."

तरी विळा हातातून सोडवावा लागला. जीपमध्ये मी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. साडीच्या पदरातून त्यांचं काळीज माझ्या दंडाला लागत होतं. किती जोरात चाललं होतं! चिमाजीभाऊ गाडी पळवत होते आणि सारखे आरशात बघत होते. मंचर अजून निम्म्यावर होतं.

"तेजा कुटं हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"शाळेत."

"दार लावलंय का शाळंचं?"

"लावलंय. बाई आहेत, पोरं आहेत. तुम्ही काळजी करू नका."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "मंग मी पडते वाईच."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने माझ्या दंडाला लागणारं ते थांबलं. मी चिमाजीभाऊंना लगेच सांगितलं नाही. वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचा चेहरा गोळीवाचून सैल झाला होता, तो मी बघत बसले.

डॉक्टरांनी विचारलंच. "गोळी कधी बंद केली?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी आमची तोड आली. पहाटेच ऊसतोडीची टोळी रानात उतरली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिन्ही बाजू मोकळ्या झाल्या. ओट्यावरून पार नदीकाठच्या बाभळी दिसायला लागल्या. मधे नुसतं पाचट. ससा लपायला जागा नव्हती. मी त्यांच्याच जागेवर बसले होते. विळा शेजारी होता, तो मी कधी आणून ठेवला मला आठवत नाही.

तेजा शाळेतून आली. दप्तर घेऊनच दारात थांबली आणि सगळ्या रानावर नजर फिरवली. मग आत गेली. फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्यात ते पाकीट. आजी नाही, हे तिला चांगलं कळत होतं. गोरखने अग्नी दिला तेव्हा ती चिमाजीभाऊंच्या कडेवर होती.

तिने दोन्ही वस्तू माझ्यासमोर ओट्यावर ठेवल्या.

"आई," ती म्हणाली, "ऊस तुटला."