घराखालची वाळू

"साहेब, आधी बूट काढा. घर आहे हे." वहिनी दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"नाही काढता येणार. धोका आहे," तोंडावरचा मास्क सारखा करत साहेब आत शिरले. त्यांच्या हातातलं यंत्र जमिनीजवळ येताच टकटकू लागलं.

"कसला धोका? तुमच्याच कारखान्याची वाळू आहे."

खरंच होतं ते. किनाऱ्यावरच्या वाळूतून काळे कण वेगळे काढायचे, हे वहिनींच्या नवऱ्याचं काम. लोहचुंबकाच्या यंत्रावर त्यांचा जन्म गेला. वस्तीत त्यांना चुंबकरावच म्हणत. कारखान्याला काळं तेवढं हवं असे. उरलेली जड, पिवळसर वाळू टाकाऊ म्हणून कामगारांना फुकट मिळे. चोपली की घट्ट बसते, म्हणून साऱ्या वस्तीनं तीच जमिनीखाली भरली. चुंबकरावांनी तर आपल्या घरात थर चांगला जाड घातला आणि पुढे वर्षानुवर्षं त्याची फुशारकी मारली.

"त्या पिवळ्या कणांत दुर्मिळ मूलद्रव्यं असतात," साहेब समजावू लागले. "फोनपासून मोटारीपर्यंत सगळ्याला लागतात. शिवाय त्यातून किरणोत्सर्ग होतो. तुमच्याच भल्यासाठी ही वाळू उकरून नेतोय."

"माझ्या लेकी ह्याच जमिनीवर रांगल्या. तेव्हा नव्हता होत?"

"तेव्हा... तेव्हा त्याला मागणी नव्हती."

"म्हणजे भाव आल्यावर धोका कळला होय!"

"अगं, जाऊ दे," खाटेवरून चुंबकराव खोकत म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. जन्मभर गप्पच बसलात."

चुंबकरावांना अंगणात उन्हात स्टुलावर बसवलं. हातमोजे घातलेल्या माणसांनी फरशी फोडली, पोत्यांत वाळू भरली, तोंडं शिवली. एकेक पोतं दोघादोघांनी उचलून बंद गाडीत ठेवलं.

"जपून! सांडू नका," साहेब ओरडत होते.

"ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा कारखान्याची गाडी मागितली होती," वहिनी म्हणाल्या. "बसनं न्या म्हणालात. आज वाळूला गाडी आली."

साहेबांनी पोती मोजून कागदावर आकडा लिहिला.

"आणि खड्डा कोण भरणार?"

"ते दुसऱ्या खात्याकडे आहे, बाई."

गाडी गेली. खोली उंबरठ्यापासून गुडघाभर खाली गेली होती. वहिनी आधी उतरल्या. आत खाट लावली, ती डुगडुगत नाही ना हे हातानं दाबून पाहिलं, धुतलेली चादर अंथरली. मग दारापाशी येऊन त्यांनी दोन्ही हात वर केले.

"या. सावकाश."

ते हात धरून, थंड पाण्यात पाऊल टाकावं तसे चाचपडत, चुंबकराव आपल्याच घरात उतरले.